पोटरी भरते तेव्हा

लहान बाळाला तपासायला घेऊन येणाऱ्या घरांतून दोन प्रश्न हमखास येतात. आई विचारते, "मॅडम, वजन वाढतंय ना?" आणि आजी विचारते, "अंगानं भरेल ना पोर?" मी नाशिकमध्ये लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि हे प्रश्न कधीच उडवून लावत नाही. काटा सगळ्यांना वाचता येतो, पोटरी हाताला लागते, मांडीवरची वळी डोळ्यांना दिसते. पण वाढ म्हणजे भरणं, एवढंच धरून चाललं की खरी मोठी घडामोड नजरेतून सुटते. स्नायू नुसता मोठा होत नाही, तो वेगळा होत जातो. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा स्नायू, सहा वर्षांच्या मुलीचा, चौदा वर्षांच्या मुलाचा आणि माझ्या सासऱ्यांचा, या सगळ्यांना आपण एकाच नावानं ओळखतो. आत डोकावलं तर प्रथिनं वेगळी, मज्जातंतूंची जोडणी वेगळी, दमायची तऱ्हाही वेगळी. लहान मूल म्हणजे कमी मापाचा मोठा माणूस, हा समज मला रोज भेटतो. त्यापायी मुलांना सोसावं लागतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो तेव्हा पाठीच्या मधोमध पुढे मज्जारज्जू होणारी नळी आकाराला येत असते. तिच्या दोन्ही अंगांना पेशींचे बारीक ठोकळे जोडीजोडीनं उमटू लागतात. विसाव्या दिवसाच्या सुमारास पहिली जोडी दिसते आणि पाचवा आठवडा संपेपर्यंत ४२ ते ४४ जोड्या होतात. यांना सोमाइट म्हणतात. मणके, बरगड्या आणि धडाचे नि हातापायांचे स्नायू यांच्यातूनच येतात. हातापायांचे अंकुर फुटतात तेव्हा त्यांच्यात स्नायू अजिबात नसतो. सोमाइटच्या कडेच्या काही पेशी तिथून सुटतात, सरकत सरकत अंकुरात शिरतात आणि तिथे जाऊन स्नायू घडवतात. आपली पोटरी, आपला दंड, बोटं मिटवणारे कोपराखालचे स्नायू, सगळ्यांचं मूळ गाव पाठीचा कणा. शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ स्वतःचा हात बघत बसले होते.

अशा पेशीला 'तू स्नायू हो' हे सांगतं कोण? १९८७ साली अमेरिकेत हॅरल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या साध्या जोडऊतीच्या, म्हणजे अवयवांना बांधून धरणाऱ्या ऊतीच्या, पेशींमध्ये मायोडी नावाचं एकच जनुक चालू केलं, आणि त्या पेशी स्नायूच्या पेशी झाल्या. एका जनुकानं पेशीचं अख्खं भवितव्य फिरवावं, हे तेव्हा कुणाला खरं वाटलं नसतं. आज आपल्याला ठाऊक आहे की मायोडी एकटं नाही, त्याच्या सोबतीला आणखी भावंडं आहेत आणि त्यांची पाळीनं कामं ठरलेली आहेत.

पुढचा टप्पा मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. शरीरातल्या बहुतेक पेशी आपापलं एक केंद्रक, म्हणजे जनुकं सांभाळणारा गाभा, घेऊन स्वतंत्र राहतात. स्नायूच्या पेशी मात्र एका रांगेत येतात, एकमेकींना चिकटतात आणि मधल्या भिंती विरघळून एकच लांब नळी होते. तिच्यात आधी काही थोडी केंद्रकं असतात, पुढे शेकडो होतात. नळी कोवळी असताना ही केंद्रकं बरोबर मधोमध ओळीनं बसलेली दिसतात. मग आत आकुंचन पावणारे धागे भरू लागतात, जागा अपुरी पडते आणि केंद्रकं कडेला ढकलली जातात. अशी भरलेली नळी म्हणजेच स्नायूतंतू. म्हणूनच पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना मोठ्या माणसाच्या तंतूत मधोमध केंद्रक दिसलं की ते थबकतात. इथे काहीतरी नव्यानं बांधलं जातंय किंवा बिघडलेलं आहे, एवढं त्यांना त्यावरून कळतं.

आता हालचालीविषयी. बाळ पोटात हलायला लागतं ते कधी? पहिलटकरणीला साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवतं. बाळ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून, सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलत असतं. तेव्हा ते जेमतेम बोटाच्या एका पेराएवढं असतं. या हालचाली कशाला उत्तर म्हणून नसतात. मज्जारज्जूतल्या पेशी आपणहून पेटतात आणि कोवळा स्नायू आखडतो. विल्हेल्म प्रायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच कोंबडीच्या अंड्यांत हे पाहिलं होतं. पिल्लाला स्पर्श कळायला लागण्याच्या आधीच त्याची हालचाल सुरू झालेली असते.

हालचाल करायची तर सांधा हवा, असं आपण धरून चालतो. गर्भात गोष्ट जवळजवळ उलटी आहे. १९६२ मध्ये ड्रॅकमन आणि कूलोम्ब्र या दोघांनी अंड्यातल्या पिल्लांना काही काळ क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं विष देऊन निश्चल ठेवलं. ती पिल्लं वाकड्या पायांची आणि ताठ सांध्यांची निघाली. स्नायू ओढत राहतो म्हणून सांध्याची पोकळी मोकळी राहते आणि हाडाच्या टोकाला गोलाई येते. काही बाळं जन्मतःच आखडलेल्या सांध्यांची येतात. अशा बाळाचा हात मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. तिथली कातडी सपाट होती, एकही घडी नव्हती. आपल्या कोपराला, बोटांच्या पेरांना ज्या रेषा असतात, त्या गर्भातल्या हालचालींनी पडलेल्या असतात. हे बाळ कुठल्याशा कारणानं पोटात पुरेसं हललंच नव्हतं आणि त्याच्या कातडीवर त्याची नोंद होती. तेव्हापासून कुठलंही तान्हं बाळ हातात आलं की माझी नजर आधी त्या घड्यांवर जाते.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचं दुखणं समजायलाही स्नायूच्या आतच शिरावं लागतं. निफाडकडचे एक वडील होते, द्राक्षबागेवाले. ऐन छाटणीच्या दिवसांत मुलगी अवेळी जन्मली. काचेच्या पेटीतल्या त्या जिवाकडे बघत ते रोज एकच विचारायचे, "वजन तर वाढायला लागलं, मग श्वासाची नळी का निघत नाही?" पोरीच्या प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडायचा, पोट वर आणि छाती आत, आणि थोडा वेळ झाला की श्वास थांबायचा. त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते. श्वास ओढणारा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल. त्यात दोन जातींचे तंतू असतात. मंद तंतू कमी जोर लावतात पण दमत नाहीत, जलद तंतू जोर लावतात आणि लवकर थकतात. १९७८ मध्ये कीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंतू मोजले. मुदतीआधीच्या बाळांच्या श्वासपटलात मंद तंतू सुमारे १० टक्के निघाले, पूर्ण दिवसांच्या बाळांत २५ टक्के आणि मोठ्यांत ५५ टक्क्यांच्या आसपास. दिवसरात्र न थांबता करायचं काम, आणि ते करणारा स्नायू अजून न दमण्याच्या घडणीचाच झालेला नाही. वजन ग्रॅमनं वाढतं, ही घडण मात्र आठवड्यांनी बदलते. बापाला हे कळलं. त्यानंतर ते वजन विचारेनासे झाले. "आज किती वेळ स्वतःहून श्वास घेतला?" असं विचारू लागले.

बाळाच्या स्नायूंतलं मायोसिनही आपल्यासारखं नसतं. आखडण्याचं काम करणाऱ्या या प्रथिनाचा गर्भातला एक प्रकार असतो, जन्माच्या आसपासचा दुसरा, आणि मोठ्यांचे मंद नि जलद असे निराळे. एकेका टप्प्याला जुनं काढून त्या जागी नवं बसवलं जातं. मज्जातंतूंचीही फेररचना होते. उंदराच्या पिल्लांत हे फार बारकाईनं अभ्यासलं गेलं आहे. जन्मतः एकाच स्नायूतंतूवर अनेक मज्जातंतूंची टोकं येऊन बसलेली असतात. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यात चढाओढ लागते, एक टिकतं आणि बाकीची मागे हटतात. मोठेपणी प्रत्येक तंतूला हुकूम देणारा एकच मालक असतो, तो असा ठरतो.

आणि तो मालक हुकूम तर देतोच, शिवाय स्नायूची जातही ठरवतो. मांजरीच्या नवजात पिल्लाच्या पायातले सगळेच स्नायू मंद असतात, त्यातले काही पुढच्या काही आठवड्यांत जलद होतात. १९६० साली ऑस्ट्रेलियात ब्युलर आणि एक्लस पितापुत्री यांनी मांजरांच्या पायातले मज्जातंतू अदलाबदल करून जोडले. मंद स्नायूला जलद स्नायूचा मज्जातंतू, जलदला मंदचा. काही काळानं मंद स्नायू वेगानं आखडू लागला आणि वेगवान स्नायू संथ झाला. वडील जॉन एक्लस यांना पुढे १९६३ मध्ये मज्जातंतूंवरच्या दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं, पण माझ्या लेखी त्यांचं हे काम तितकंच थोर आहे. कारण माझा सगळा व्यवसायच त्यावर उभा आहे. स्नायूला सतत काय ऐकू येतं, त्यावरून तो कसा होणार हे ठरतं. बाळाला पालथं घालणं, हाताच्या टप्प्याच्या जरा पलीकडे खुळखुळा ठेवणं, हे सगळं त्या संदेशांसाठी चाललेलं असतं.

एस्थर थेलन या अमेरिकन संशोधिकेचं काम आठवलं की मला पंचवटीतल्या एक मालिशवाल्या मावशी डोळ्यांपुढे येतात. त्या न्हाणीत पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर पालथं घेतात, तेल कानामागून टाचांपर्यंत उतरतं. मग कोमट पाण्याचे तांबे. आधी जोरजोरात रडणारं पोर पाणी पडायला लागलं की पाय असे चालवतं की मावशी म्हणतात, "बघा, निघाला गंगेवर." आता नवजात बाळाला काखेत धरून उभं केलं आणि तळवे गादीला टेकवले, तर ते खरंच पावलं टाकल्यासारखं करतं. दोनेक महिन्यांत हे बंद होतं. मेंदू पक्व झाला की हा जन्मजात प्रतिसाद मावळतो, असं पूर्वी सांगत. थेलन यांना ते पटलं नाही. १९८४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, तर पावलं वाढली. उलट पायांना छोटी वजनं बांधली, तर कमी झाली. म्हणजे पावलांची चाल मेंदूतून गेलेली नव्हती. त्या दोन महिन्यांत पायावर चरबी भराभर चढली होती आणि तो भार उचलण्याइतका स्नायू अजून झालेला नव्हता. आजीला हवं होतं तसं पोर अंगानं भरलं होतं, आणि त्यामुळेच पाय उचलेनासा झाला होता.

मी आयांना सांगते, बाळ टबात असलं की दोन्ही हातांनी काखेत घट्ट धरा आणि त्याला पाय मारू द्या. मावशींना मात्र एक विनंती आवर्जून करते. हातपाय उलटसुलट ओढून गाठ मारल्यासारखं करतात, ते नको. तेल लावा, चोळा, पाणी घाला, पण सांध्यावर जोर नको. बहुतेक मावश्या ऐकतात.

तंतूंची संख्या जन्माच्या सुमाराला जवळपास ठरून गेलेली असते. त्यानंतरची वाढ आहे त्याच तंतूंच्या जाड नि लांब होण्यातून येते. नवजात बाळाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायू असतो, तरुण पुरुषात तो ४० टक्क्यांच्या घरात जातो. वाढीला लागणारी नवी केंद्रकं पुरवणाऱ्या पेशी तंतूच्या कडेला चिकटून बसलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांना त्या १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. त्यांच्याकडे शेवटी पुन्हा वळायचं आहे.

पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरकडे दिंड्या जातात तेव्हा त्र्यंबक रोडवर थोडा वेळ थांबून बघा. विसाव्याला मोठी माणसं सावली गाठून पोटऱ्या चोळत बसतात. त्यांच्याबरोबर तितकंच चाललेली सात-आठ वर्षांची पोरं पाणी पिऊन होत नाही तोच शिवाशिवी खेळायला लागतात. "यांच्या पायांना काही होत कसं नाही?" असं प्रत्येक विसाव्यावर कुणीतरी म्हणतंच. लहान मुलांचे स्नायू ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढण्यावर जास्त भर देतात. ऑक्सिजनशिवाय झटपट ऊर्जा काढायची यंत्रणा त्यांच्यात अजून कच्ची असते, त्यामुळे तिच्यातून तयार होणारं लॅक्टेट कमी साठतं आणि दम लवकर भरून येतो. याचीच दुसरी बाजू अशी की एका दमात मोठा जोर लावणं त्यांना जमत नाही. मुलांना ताकदीचे व्यायाम दिले तर ताकद वाढते, पण स्नायू फारसा फुगत नाही. मेंदू आहे तेच तंतू अधिक संख्येनं आणि नीट ताळमेळानं कामाला लावायला शिकतो. वय वर्षं अकराच्या मुलाला जिमला घालून "दंड का येत नाहीत?" म्हणून प्रोटीन पावडरचा डबा आणणारे पालक भेटले की मला त्या मुलासाठी वाईट वाटतं. त्याचं शरीर त्याच्या वयाचं काम चोख करत असतं. त्याला झाडावर चढू द्या, सायकल चालवू द्या, मल्लखांबावर लटकू द्या.

मल्लखांबाचा विषय निघालाच आहे तर, या खेळाला नवं आयुष्य देणाऱ्या बाळंभटदादा देवधरांची कथा आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आलेल्या पैलवानांचं आव्हान घेतल्यावर ते वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तिथे स्वप्नात मारुतीनं त्यांना लाकडावरचे डाव शिकवले, असं सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी हा खेळ वाढत्या वयाला फार चांगला आहे, असं मी माझ्या कामाच्या अनुभवावरून म्हणते. स्वतःच्याच अंगाचं वजन, प्रत्येक डावात स्नायू पूर्ण लांबीपर्यंत ताणला जातो, आणि पकड.

लांबीचं महत्त्व मला शिकवलं ते पेठ-सुरगाण्याकडून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या मुलांनी. सेरेब्रल पाल्सीमध्ये इजा मेंदूला झालेली असते आणि ती वाढत नाही. तरीही तिसऱ्या वर्षी टाच टेकवणारं मूल सातव्या वर्षी चवड्यांवर चालू लागतं. आईला वाटतं, आजार बळावला. खरं तर हाड वाढलेलं असतं आणि पोटरी मागे राहिलेली असते. स्नायूतंतूत आखडणारी एककं, म्हणजे सार्कोमिअर, टोकाला टोक लागून बसलेली असतात, एका मिलिमीटरमध्ये साधारण चारशे. हाड लांबलं की स्नायू आपल्या टोकांना नवी सार्कोमिअर जोडतो, पंचवटी एक्सप्रेसला जादा डबे लावावेत तशी. १९७२ मध्ये ताबारी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पोटरीतला स्नायू आखूड स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला, तर सुमारे ४० टक्के सार्कोमिअर नाहीशी झाली. प्लास्टर काढल्यावर ती परत आली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या मांडीमागच्या स्नायूंत त्याहूनही अवघड चित्र दिसलं आहे. तिथे सार्कोमिअर जरुरीपेक्षा जास्त ताणलेली असतात, भोवतालची जोडऊती कडक झालेली असते आणि सॅटेलाइट पेशी कमी असतात. म्हणजे नवे डबे लावायला माणसंच अपुरी.

अशा एका मुलाचा पाय माझ्या मांडीवर आहे असं समजा. गुडघा सरळ धरून मी तळवा हळूहळू वर नेते. आधी झटका येतो, पायात थरथर सुटते. मी थांबते, पाय सोडत नाही. थोड्या वेळानं थरथर ओसरते आणि मग आणखी एक-दोन अंश मिळतात. त्यानंतर जो अडथळा लागतो तो वेगळा असतो, दोरीसारखा पक्का. आधीचा मेंदूकडून आलेला, हा स्नायूच्या आखूडपणाचा. हा फरक हाताला कळायला वर्षं जातात. मग दर आठवड्याला थोडा कोन वाढवत घातलेली प्लास्टरं, रात्रीचा स्प्लिंट, उभं राहायची फळी. आया विचारतात, "चोळून नाही का सुटणार?" मी सांगते, चोळल्यानं बरं वाटेल, पण स्नायूला लांबी वाढवायला तासन् तास ताणलेलं राहावं लागतं. शेतात काम करणाऱ्या बाईनं रोज ते कसं जमवायचं, हा त्यातला खरा प्रश्न. त्यांच्यातल्याच एकीनं घराच्या खांबाला जुन्या साडीचा पट्टा बांधून मुलाला उभं करायची जागा केली. लेक तिथे उभं राहून कोंबड्यांना दाणे टाकतो. ती जागा आता मी इतर आयांनाही सुचवते.

धडधाकट मुलांतही वयात येताना याचीच सौम्य झलक दिसते. उंची झपाट्यानं वाढते, हाडं पुढे जातात आणि स्नायूंना त्यांना गाठायला वेळ लागतो. काल जमिनीला हात टेकणारा मुलगा आज वाकताना नडगीपाशीच अडतो, गुडघ्याखाली दुखतं म्हणतो, आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. त्या काळात मैदान सोडू नये, पण उड्या आणि धावणं जरा कमी करावं. मुलग्यांत टेस्टोस्टेरॉननं तंतू जाड होतात. त्याआधी मुलगे आणि मुलींच्या ताकदीत फरक थोडाच असतो, हे मुलींच्या पालकांनी लक्षात ठेवावं. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. आणि पुढेही दार बंद होत नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ घरच्या गरिबीत विहिरी खोदायच्या कामावर जात होता, वल्हं त्यानं विशीत, सैन्यात गेल्यावर हाती घेतलं, आणि २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकला गेला.

माझे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत. कान्हेरे मैदानावर रोज सकाळी फेऱ्या मारतात आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढतात. मागच्या पावसाळ्यात तिथेच शेवाळावर पाय सटकला आणि पोटरीच्या स्नायूचा काही भाग फाटला. उतारवयात मज्जारज्जूतले मज्जातंतू कमी होत जातात, आधी जलद तंतू झिजतात, सॅटेलाइट पेशीही विरळ होतात. त्यामुळे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता पायऱ्या बंद. मला ते मान्य नव्हतं. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोनी यांनी सरासरी नव्वद वर्षांच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचे ताकदीचे व्यायाम करून घेतले, तर त्यांची ताकद सरासरी पावणेतीन पटींच्या घरात गेली होती.

पण सासऱ्यांना या सगळ्यांपेक्षा दुसरीच गोष्ट आवडली. फाटलेला स्नायू भरून येताना निजलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, वाढतात, एकमेकींना चिकटून नवी नळी करतात. तिच्यात केंद्रकं पुन्हा मधोमध ओळीनं बसतात. आणि तो नवा तंतू काही दिवस मोठ्या माणसाचं मायोसिन करतच नाही, गर्भातलं करतो. बहात्तराव्या वर्षी त्यांच्या पोटरीच्या त्या छोट्या भागात आईच्या पोटातला क्रम पहिल्यापासून चालला होता.

"म्हणजे तिथे मी आत्ता तान्हा आहे," ते म्हणाले.

"हो. म्हणून तान्ह्यासारखंच वागवायचं. पहिले काही दिवस ओढायचं नाही, मग हळूहळू काम द्यायचं."

"आणि पायऱ्या?"

भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलणं जमलं, मग दुखऱ्या पायाची एकट्याची टाच सलग वीस वेळा उचलणं जमलं, की पायऱ्या. सध्या ते चौदापर्यंत आलेत आणि पंधराव्याला टाच अर्ध्यातच थांबते आहे.